उन्हात घातलेली आमसुलं

सुमनताई,

कुवारबाव, हातखंबा, पाली, आंजणारी, लांजा.

तुम्ही गेल्यापासून ही गावं माझ्या तोंडात बसली आहेत. भांडी घासताना येतात, दाणे कुटताना येतात. आमचे हे परवा म्हणाले, कुठल्या गाडीची वाट बघतेस? त्यांना काय सांगणार. इन्स्टंट फिल्मची पट्टी कॅमेऱ्याच्या पाठीतून ओढून काढली की तुम्ही घड्याळाकडे कधी बघत नव्हता. लांज्याच्या गाडीचे थांबे म्हणायचात, एकेक थांबा सावकाश, कंडक्टर उतरून टपावरचं पोतं खाली घेईल इतका सावकाश. उन्हाळ्यात आंजणारी आली की फोटो सोलायचा. थंडीत पट्टी काखेत धरून थेट लांज्यापर्यंत जायचं. गिऱ्हाईक फार चुळबुळ करायला लागलं तर म्हणायचात, "गाडी अजून पालीला आहे, धावत्या गाडीतून उतरू नका."

मला लिहायची सवय नाही, हे तुम्हाला माहीतच आहे. सातवीत शाळा सुटली ती सुटलीच. फोटोच्या पाकिटांवर गिऱ्हाइकांची नावं लिहून लिहून माझं अक्षर जरा वळणावर आलं, तेही तुम्ही लाल पेन्सिल घेऊन मागे बसलात म्हणून. मी "पाणी"चं "पानी" करायचे आणि तुम्ही त्यावर गोल काढायचात. आता लिहिताना तो गोल दिसतोय.

तुमच्याबद्दल चारचौघांत जे चांगलं बोलायचं असतं ते तेराव्याला बोलून झालं. बाईमाणसानं नवऱ्यामागे एवढा स्टुडिओ चालवला, कोणापुढे हात पसरला नाही, असं सगळे म्हणाले. मी कोपऱ्यात पत्रावळी पुसत बसले होते. मला जे बोलायचं होतं ते तिथे बोलण्यासारखं नव्हतं. तीन पावसाळ्यांमागे माझी चूक तुम्ही आपल्या अंगावर घेतलीत. त्या चुकीपायी तुमची शाळेपासूनची मैत्रीण तुमच्यापासून तुटली. आणि मी तिथंच उभी असून तोंड उघडलं नाही. तुम्ही असेपर्यंत तुम्हाला हे धड म्हणता आलं नाही, म्हणून आता लिहिते.

आमच्या ह्यांना सडकेच्या कामावर रोलर चालवायला रत्नागिरीला पाठवलं आणि तुमच्या स्टुडिओमागच्या खोलीत आमचं बिऱ्हाड पडलं. सांगोल्याच्या उघड्या माळावरून मी आले होते. इथे जिकडे बघावं तिकडे झाडं, आकाश म्हणून दिसायचं नाही. माणसं बोलायला लागली की शब्द मराठीच, पण शेवटाला असं काही वर चढवून सोडायची की प्रश्न विचारतायत की रागावलीयत ते कळायचं नाही. मला सगळ्याचीच भीती वाटायची. दूधवाल्याला पुन्हा विचारायची भीती, दुकानात मोठ्यानं बोलायची भीती. एकदा सांगितलेलं नीट कळलं नाही तर मी मान हलवून टाकायचे आणि मग घरी येऊन रडायचे. तेव्हापासूनची ती खोड. आमसुलांचं जे झालं ते त्याच खोडीपायी झालं.

मी जाड झाले का बारीक झाले हे आईला बघायचं होतं, म्हणून मी फोटो काढायला तुमच्याकडे आले. थांबायला सांगितलंत म्हणून टेबलाशी उभी होते. तिथे एका नवरीचा फोटो पडला होता आणि तिच्या नाकाच्या शेंड्यावर बारीक पांढरा ठिपका होता. माझ्या तोंडून निघून गेलं, हिच्या नाकाला चुना लागलाय. तुम्ही वर बघितलंत. तो ठिपका म्हणजे निगेटिव्हवर बसलेली धूळ, हे मला नंतर कळलं. त्या वेळी तुम्ही एवढंच केलंत, की दोन केसांचा ब्रश माझ्या हातात दिलात, काळ्या रंगाची वाटी पुढे सरकवलीत आणि म्हणालात, "पूस बघू तो चुना, घाटीणबाई." मी पुसला. तुम्ही फोटो उजेडाला धरून बराच वेळ बघितलात आणि मग विचारलंत, "उद्या किती वाजता येशील?"

असं मला काम लागलं. माझ्या आयुष्यात कोणीतरी पहिल्यांदा मला विचारलं होतं, की तू कधी येशील. नाहीतर आम्हाला कुठे पाठवायचं ते बाकीचे ठरवतात.

तुमचा तो कॅमेरा. बोटीवर काम करणाऱ्या तुमच्या भावानं कुठल्याशा बंदरात जुना विकत घेऊन आणलेला, जपानी, फणसाएवढा जड. त्याच्या मागच्या बाजूला पाठ बदलता यायची. एक पाठ रोलची, एक सुट्या फिल्मची आणि एक इन्स्टंटची. तुम्ही कोणालाही तो दाखवताना म्हणायचात, याला तीन पाठी आहेत, देवानं आपल्याला एकच दिली आणि तीही दुखते. रोल लावला की बारा फोटो होईपर्यंत तो धुता येत नाही. रत्नागिरीच्या माणसाला बारा फोटो कशाला हवेत? त्याला एक हवा असतो, तोही उद्या. म्हणून तुम्ही सुटी फिल्म वापरायचात. मोठे ताव यायचे, ते काळोख्या खोलीत कापून आपल्या कॅमेऱ्याच्या मापाचे तुकडे करायचे. लाल दिवासुद्धा नाही, अगदी मिट्ट. तावाच्या कोपऱ्यावर खाच असते, तिच्यावरून सुलटी बाजू कळते. पण कापल्यावर ती खाच एकाच तुकड्याला राहते आणि बाकीचे तुकडे मुके होतात. पहिल्या दिवशी माझी बोबडी वळली. तुम्ही काळोखातच माझा हात धरून तुकडा माझ्या ओठांशी नेलात. "ओठ ओले कर. चिकटेल ती बाजू माणसाकडे करायची." मग प्रत्येक तुकड्याचा कोपरा कात्रीनं जरा उडवायचा. काळोखात मला कशाची भीती वाटली नाही, ताई. तिथे मी काही चुकले तरी कोणाला दिसत नव्हतं, आणि तुमचा आवाज अगदी कानाशी होता.

इन्स्टंटची गोष्ट वेगळी. ती फिल्म भाऊ बोटीवरून येईल तेव्हाच यायची, दोन-चार खोकी, त्यामुळे तुम्ही ती ऊठसूट कोणासाठीही काढायचा नाहीत. ती होती बायांसाठी. खाडीपलीकडच्या घरांतल्या ज्या बाया स्टुडिओत यायच्या नाहीत, ज्यांना आपला चेहरा कोणा परक्या पुरुषाच्या धुलाईच्या खोलीत जायला नको असायचा, त्यांच्याकडे तुम्ही कॅमेरा घेऊन जायचात. त्यांच्या मागच्या पडवीत फोटो काढायचा, त्यांच्यासमोर पट्टी ओढायची, थांबे मोजायचे, सोलायचा आणि त्यांच्याच हातात ठेवायचा. मध्ये कोणी नाही. त्या बाया फोटो ओला असतानाच एकमेकींना दाखवायच्या आणि हसून हसून पदरात तोंडं घालायच्या.

सोलल्यावर एका अंगाला फोटो निघायचा आणि दुसऱ्या अंगाला त्याची निगेटिव्ह. ती काळपट, ओली, कडांना चिकट असायची, आणि तशीच ठेवली तर गुंडाळून जायची. तुम्ही तिला आमसूल म्हणायचात. बहुतेक वेळा ती फेकूनच द्यायची. पण सोलल्या सोलल्या सल्फाइटच्या पाण्यात टाकली, तर ती स्वच्छ होऊन टिकते आणि तिच्यावरून पुढे हवे तेवढे फोटो काढता येतात. त्यासाठी तुम्ही झाकणाची एक चिनी मातीची बरणी ठेवली होती. "आमसूल बरणीत टाक" हे तुमचं वाक्य मी पन्नास वेळा ऐकलं असेल. खरं आमसूल मात्र मला धड ठाऊक नव्हतं. आमच्याकडे आमटीत चिंच पडते. आईनं दिलेला चिंचेचा गोळाच मी वर्षभर पुरवत होते.

आपलं भांडण आठवतं का? ते तेवढं एकच होतं, पण रोज व्हायचं. त्या फिल्मची खोड अशी, की फोटो चांगला हवा असेल तर उजेड बेताचा द्यावा लागतो आणि मग निगेटिव्ह पातळ येते, कामाची राहत नाही. निगेटिव्ह भरीव हवी असेल तर उजेड दुप्पट द्यायचा, मग फोटो पांढराफटक येतो. दोन्ही काही साधत नाही. तुम्ही कायम फोटोच्या बाजूनं. "माणसाच्या हातात आज काय पडतं ते खरं," तुम्ही म्हणायचात. मी कायम निगेटिव्हच्या बाजूनं. आज हातात पडलेलं उद्या हरवतं, ओलं होतं, पोरं फाडतात. मागे काहीतरी राहायला हवं. तुम्ही म्हणायचात, "तुझं आपलं चिंचेच्या गोळ्यासारखं, साठवून ठेवायचं." मला काही ते पटायचं नाही. अजून पटलेलं नाही. ते भांडण आता माझ्या एकटीच्या अंगावर पडलं.

आणि नेमकं त्या दिवशी तुम्ही माझं ऐकलंत.

हलीमाबी म्हणजे तुमच्या वर्गातल्या. त्या तुम्हाला "सुमी" म्हणायच्या आणि तुम्ही त्यांना "हल्या". लग्नं झालेल्या बाया एकमेकींना अशी हाक मारतात ह्याचंच मला नवल वाटायचं. त्यांच्या आईनं जन्मात फोटो काढून घेतलेला नव्हता. कुवेतला असलेला त्यांचा भाऊ प्रत्येक पत्रात आईचा फोटो मागायचा, म्हणून एकदाची म्हातारी तयार झाली, आणि तेही सुमन काढणार असेल तरच. हलीमाबी न्यायला आल्या होत्या, त्यांच्याबरोबर आपण दोघी होडीनं खाडी ओलांडून गेलो. होडीत चढण्याआधी त्यांनी तुम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, की फोटो भावाला जाईल, मग मला काय राहील? मी होडीतच तुमच्या मागे लागले होते, ताई, उजेड जास्त द्या, निगेटिव्ह धरा, मग दोघांनाही मोठे फोटो काढून देता येतील. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "बरं गो बाय," म्हणालात, "आज तुझं."

खोक्यात तीनच फिल्म उरल्या होत्या. पहिल्या दोन हलीमाबींच्या भाच्यांवर बेत जमवण्यात गेल्या. तिसरी त्यांच्या आईवर. आंजणारीला तुम्ही सोललंत. मला आधीच माहीत होतं तसा फोटो पांढराफटक आला, चेहरा जेमतेम. म्हातारीनं तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाली, "ही तर मेलेली दिसते." तुम्ही समजावलंत, मावशी, ह्याच्यावरून चांगला काढून देते. ती ऐकायला तयार नव्हती. उठली, चुलीशी गेली आणि फोटो जाळात टाकला. काळं सालपट तुमच्या हातात होतं, त्याच्याकडे तिनं बघितलंही नाही, तो कचरा वाटला तिला. हलीमाबींनी डोळ्यांनीच तुम्हाला खूण केली. तुम्ही ते हळूच बरोबर आणलेल्या बरणीत, पोरांच्या दोन सालपटांजवळ सोडलंत. म्हातारीला न सांगता ते ठेवणं बरोबर होतं का, ह्यावर आपण कधी बोललोच नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर बरणीतून काढून ती निगेटिव्ह मी खिडकीशी धरून बघितली. तुम्ही मागून विचारलंत, "कशी आहे?" मी म्हटलं, "भरलीय." तुम्ही म्हणालात, "जिंकलीस हो घाटीणबाई." थकला होतात, म्हणून तिन्ही निगेटिव्ह परत बरणीत टाकल्या. सकाळी धुऊ, म्हणालात.

सकाळी गणपतीपुळ्याला मुंजीचे फोटो होते. तुम्ही गडबडीत निघालात. दोन दिवस आभाळ येऊन येऊन जात होतं, त्या दिवशी लख्ख ऊन पडलं होतं. तुम्ही फाटकातून मागे वळून ओरडलात, "इंदू, बरणीतली आमसुलं उन्हात घाल गो, सांजेला आत घे." आणि गेलात.

तुमच्या स्वयंपाकघरात दुसऱ्या एका बरणीत कोकमाची सालं मीठ घालून रसात भिजत टाकलेली आहेत, ती उन्हात घालायची आणि पुन्हा रसात टाकायची असं आठवडाभर चाललं आहे, हे मला माहीत नव्हतं. तुमच्या मागच्या घरात माझं काही काम नसायचं. तुमच्या तोंडून मी आमसूल हा शब्द काळोख्या खोलीतच ऐकला होता. तरी माझा हात थबकला, खोटं सांगत नाही. निगेटिव्ह सावलीत वाळवायची, हे तुम्हीच शिकवलं होतंत. मला वाटलं, हवा दमट आहे, ह्यांना घाई आहे, काही कारण असेल. फाटकापर्यंत धावत गेले असते तर तुम्ही रिक्षाची वाट बघत उभ्याच होता. पण पुन्हा विचारलं तर तुम्ही म्हणाल, एवढंसुद्धा कळत नाही का? तुम्ही असं कधी म्हणाला नव्हतात. मलाच आपलं वाटलं. मी सूप घेतलं, त्यात तिन्ही निगेटिव्ह मांडल्या आणि कुंपणाच्या जांभ्याच्या गडग्यावर ठेवून दिल्या. उडून जाऊ नयेत म्हणून कडांना खडेसुद्धा ठेवले.

दुपारी बघितलं तेव्हा त्यांच्यावर चेहरे नव्हते. उन्हानं सगळं वितळून सुपाच्या काड्यांतून ओघळलं होतं, त्यात तांबडी माती बसली होती, मुंग्या लागल्या होत्या.

तुम्ही संध्याकाळी आलात. आधी स्वयंपाकघरात गेलात आणि तिथून विचारलंत, "अगो, आमसुलं घातली नाहीस?" मी सूप पुढे केलं. तुम्ही सुपाकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत, आणि पायरीवर बसून हसायला लागलात. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. मीही कशीतरी हसले. मग मधल्या निगेटिव्हकडे बोट दाखवून तुम्ही विचारलंत, "ही मावशी होती?" मी मान हलवली. तुमचं हसू कुठल्या कुठे गेलं. बराच वेळ तुम्ही सूप मांडीवर घेऊन बसलात. मी वाट बघत होते, की आता म्हणाल उद्यापासून येऊ नकोस. तुम्ही म्हणालात ते हे, की "माझंच चुकलं. दोन वस्तूंना एक नाव ठेवू नये."

आणि मग, "हल्याला मी सांगेन. तू मध्ये बोलायचं नाहीस. तुला ह्या गावात अजून घर करायचंय. मी इथलीच आहे, माझ्यावर कोणी चार दिवस रागावेल."

चार दिवस.

हलीमाबी फोटो न्यायला आल्या तेव्हा मी टेबलाशी होते, हातात ब्रश होता. तुम्ही त्यांना खुर्ची दिलीत आणि सरळ सांगितलंत, की माझ्या हातून गेलं, आमसुलं समजून उन्हात घातली. खरंच होतं ते, एक "माझ्या" सोडून. पण ऐकायला ते इतकं खुळ्यासारखं लागलं, की त्यांना वाटलं तुम्ही थट्टा करताय. त्यांनी तुमच्याकडे असं बघितलं, की मला अजून ते बघणं आठवतं. "माझी आई तुला आमसूल वाटली, सुमी?" त्या आवाज चढवून बोलल्या नाहीत. उठल्या आणि गेल्या. मी त्या वेळी एका माणसाच्या कपाळावरचा ठिपका बुजवत होते. तो बुजवून झाला तरी मी ब्रश उचलला नाही.

म्हातारी पुन्हा बसायला तयार झाली नसतीच. तुम्ही निरोप पाठवून बघितलात, उत्तर आलं नाही. त्या पावसाळ्यात ती गेली. तुम्ही भर पावसात होडीनं भेटायला गेलात. परत आलात तेव्हा साडीचा काठ चिखलानं भरला होता. हलीमाबींनी चहा पाठवला, पण स्वतः बाहेर आल्या नाहीत, एवढंच सांगितलंत आणि फिल्म कापायला काळोख्या खोलीत गेलात. मी दाराबाहेर उभी होते. आतून कात्रीचा आवाज येत नव्हता.

त्यानंतर खाडीपलीकडून बोलावणी यायची थांबली. भावानं आणलेली इन्स्टंटची खोकी तशीच कपाटात पडून राहिली, तारीख उलटून गेली. लोकांना वाटलं, आता रंगीत फोटो आले म्हणून तुम्ही ते सोडलंत. तुम्हीही लोकांना तेच सांगितलंत.

मी सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा दिवाळीत म्हटलं, ताई, मी जाऊन हलीमाबींना सांगते. तुम्ही करंज्या तळत होतात. "आता सांगून काय, मी खोटी ठरेन," म्हणालात, "शिवाय तुझी करंजी फुटली बघ." एकदा आमच्या ह्यांची बदली व्हायची चिन्हं होती तेव्हा म्हटलं. तुम्ही लक्षच दिलं नाहीत. खरं सांगू? तुम्ही अडवलंत की मला सुटल्यासारखं वाटायचं. तुम्ही मला वाचवत होतात आणि मी वाचवून घेत होते. दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुमचे डोळे पिवळे झाले होते. मी तुमचा हात धरून म्हटलं, "ताई, ती आमसुलं…" तुम्ही डोळे मिटूनच विचारलंत, "वाळली का गो?" गुंगीत होतात की मुद्दाम, ते मला कळलं नाही. मी "हो" म्हटलं.

तुमच्या तेराव्याला हलीमाबी आल्या नाहीत. मी दाराकडे बघत होते.

काल मी गेले. कोणाला न विचारता गेले, होडीत एकटी बसून. त्या पडवीत तांदूळ निवडत होत्या. केस पिकले आहेत आता. "सुमी गेल्याचं कळलं," एवढं म्हणून त्यांनी मला पाट सरकवला. मी बसले नाही. बसले असते तर बोलता आलं नसतं. मी उभ्यानंच सांगितलं, की त्या दिवशी ताई गणपतीपुळ्याला होत्या. आमसुलं मी उन्हात घातली. तुमची आई मी घालवली.

त्यांचा हात तांदळात तसाच राहिला. मग त्यांनी सगळं विचारून घेतलं, एकेक. आमसूल म्हणजे काय समजलीस तू? फाटकातून ती नक्की काय म्हणाली? मी आले होते तेव्हा तू कुठे होतीस? मी म्हटलं, तिथंच होते, टेबलाशी.

"आणि तिनं मला एका शब्दानं सांगितलं नाही."

"मला इथे राहायचं होतं म्हणून."

"तीन वर्षं मी बाजारात तिला बघून रस्ता बदलला, इंदू." त्या रडल्या नाहीत. रागावल्यासुद्धा नाहीत, रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. "तू तेव्हाच सांगितलं असतंस, तर मी तुझ्याशी बोलले नसते. चाललं असतं ते. तिच्याशी बोलले असते." मग त्या पुन्हा खडे वेचायला लागल्या. मला वाटलं, आता जा म्हणतील, आणि मी चप्पल शोधायला लागले.

"तू बघितली होतीस ना ती?" त्यांनी विचारलं. "जाण्याआधी?"

मी म्हटलं, हो, आदल्या संध्याकाळी, खिडकीशी धरून.

"त्या उलट्या असतात. तुला कळलं का त्यात काही?"

ताई, तुम्ही मला ते शिकवलं होतंत. काळ्याचं पांढरं करून बघायचं, डाव्याचं उजवं करून बघायचं, मनातल्या मनात. मी म्हटलं, कळलं.

"सांग."

मी पाटावर बसले आणि सांगितलं. मागच्या दारात बसलेली, पाठीमागे केळीचं एक फाटकं पान. केस पांढरे, ओढणीतून एक बट कानापाशी सुटलेली. डाव्या हातानं ओढणी हनुवटीखाली घट्ट धरलेली, अंगठ्याचं नख मोडलेलं. ताई तिला म्हणाल्या होत्या, मावशी, हललात तर तुमच्या जागी शेजारीण येईल, म्हणून तिनं हसू दाबून धरलं होतं, आणि दाबलेलं ते उजव्या गालात येऊन बसलं होतं. डोळ्यांत ते दिसत होतं. कपाळावर दोन आठ्या, तिसरी अर्धी. आणि कडेला, फोटोच्या अगदी काठावर, एका कोंबडीची शेपटी.

"ती आमची नव्हती," हलीमाबी म्हणाल्या. "शेजारची. आई तिला रोज हाकलायची." त्यांनी सूप खाली ठेवलं, डोळे पुसले आणि माझ्याकडे तोंड करून बसल्या.

"पुन्हा सांग," त्या म्हणाल्या. "कोंबडी राहू दे. तिच्या हसण्यापासून सांग."

मी तिच्या हसण्यापासून सांगायला सुरुवात केली.